शाळेंत जागा नाहीं

जून महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला म्हणजे पिंपरी व चिंचवडच्या आसपासच्या शाळांच्या दारांत जी गर्दी जमते ती ज्यांनीं एकदां पाहिली आहे, त्यांस तिचें वर्णन करून सांगण्याची जरूर नाहीं. हातांत जन्माचा दाखला व भाड्याच्या खोलीचा करारनामा घेतलेले आईबाप, त्यांच्या पायांशीं घुटमळणारें सहा वर्षांचें पोर, आणि खिडकीपलीकडून ऐकूं येणारें एक ठरलेलें वाक्य : शाळेंत जागा नाहीं. अलीकडे कायद्यानें हें वाक्य उघडपणें बोलण्याची सोय राहिलेली नाहीं. म्हणून तें निराळ्या शब्दांत बोललें जातें. कोणी सांगतो, दुपारच्या सत्रांत बसवूं. कोणी सांगतो, पलीकडच्या शाळेंत चौकशी करून पाहा. बोलणारा कारकून बहुधा निर्दोष असतो. बांकें भरलेलीं त्याला दिसतात आणि दाराशीं उभें असलेलें पोरही दिसतें. यांपैकीं कोणतीच गोष्ट त्यानें केलेली नसते.

या वाक्याला मोठा इतिहास आहे. आमच्या प्रांतांत तें गेलीं पावणेदोनशें वर्षें बोललें जात आहे, आणि दर पिढीला त्याचा अर्थ पालटला आहे. पिंपरीच्या दाराशीं उभें राहून तो इतिहास मागें वाचीत जावा, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

इंग्रजी अमलापूर्वींच्या गांवठी शाळेला ही अडचण ठाऊक नव्हती. पंतोजी कोणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या सभामंडपांत किंवा वाड्याच्या देवडींत बसे. मुलें धूळपाट्या घेऊन त्याच्या भोंवतीं बसत. थोरला विद्यार्थी धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेई. वीस मुलें आलीं तर वीस, तीस आलीं तर तीस. शाळेला भिंतच नाहीं, तर ती भरणार कशी? अर्थात् या शाळेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तिला भिंत नव्हती तरी कुंपण होतें. कुणब्याचें पोर तेथें क्वचित् दिसे, महारामांगाचें पोर दिसतच नसे, आणि मुलीला तेथें धाडावें ही कल्पनाच कोणाच्या डोक्यांत येत नसे.

१८५५ सालीं मुंबई इलाख्यांत सरकारी विद्याखातें निघालें. पुढें १८६३-६४ च्या सुमारास शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा अशी लोकल फंडाची पट्टी बसूं लागली व तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे लावण्यांत आला. शाळेला इमारत आली, निदान भाड्याची खोली आली. मास्तराच्या हातीं हजेरीपट आला. आमच्या मतें या हजेरीपटानेंच ‘जागा’ ही वस्तु जन्मास घातली. पंतोजीजवळ बसलेलें मूल नुसतें बसलेलें असे. पटावरचें मूल मोजलेलें असतें. आणि जी वस्तु मोजतां येते ती कोणाला द्यावयाची व कोणाला नाकारावयाची, हा प्रश्न ओघानेंच येतो.

तो प्रश्न फार लवकर आला. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाड येथील एका महार मुलानें आपणांस सरकारी शाळेंत घ्यावें असा अर्ज मुंबई सरकारकडे केला. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. सरकारनें अर्जाचा विचार सहानुभूतीनें केला, आणि तो नामंजूर केला! कारण असें दिलें कीं, या एका मुलासाठीं आग्रह धरला तर बाकीचीं मुलें निघून जातील व शाळा सर्वांनाच निरुपयोगी होईल. विलायतेंतील डायरेक्टरांनीं १८५८ सालीं, सरकारी शाळा सर्वांस सारख्याच मोकळ्या असल्या पाहिजेत, असें तत्त्व म्हणून लिहून पाठविलें. तत्त्व कागदावर राहिलें व मुलगा दाराबाहेर राहिला. त्या शाळेंत एका मुलापुरती जमीन नव्हती, असें कोणीही म्हटलेलें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जागा होती, ती त्याला द्यावयाची नव्हती, इतकेंच.

याच गोष्टीचा जमाखर्च जोतीराव फुले यांनीं मांडला. हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या कमिशनपुढें त्यांनीं १८८२ च्या आक्टोबरांत जें निवेदन दिलें तें आजही वाचण्यासारखें आहे. सरकारी तिजोरींतील पैशाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, लोकल फंडाचा निम्मा तरी भाग एकट्या प्राथमिक शाळांना द्यावा, शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतून घ्यावे व त्यांस पोटापुरता पगार द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुण्यांत भिडे वाड्यांत १८४८ सालीं मुलींची शाळा काढणाऱ्या या गृहस्थाला, शाळा वाढविणें म्हणजे काय, हें कोणी शिकवावयास नको होतें. खोली मिळविणें, मास्तर मिळविणें, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन मुलें गोळा करणें, तिन्ही कामें त्यांनीं व सावित्रीबाईंनीं स्वतः केलीं होतीं. जोतीरावांच्या मागणीप्रमाणें झालें असतें, तर पिंपरीसारख्या हवेली तालुक्यांतील खेड्यांतही विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रत्येक कुणब्याचें पोर शाळेंत दिसलें असतें. तसें झालें नाहीं.

पुढच्या पिढींत वाक्याचा अर्थ पालटला. आतां सरकार म्हणूं लागलें, पैसा नाहीं. गोपाळराव गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. बिल इतकें सौम्य होतें कीं, आज तें वाचतांना संकोच वाटतो. जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील अशाच ठिकाणीं, सरकारची परवानगी घेऊन, स्थानिक संस्थेची इच्छा असल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती लावावी. मुलींचा विचार मागाहून. एवढेंही मान्य झालें नाहीं. १९ मार्च १९१२ रोजीं मतें मोजलीं गेलीं तेव्हां बिलाच्या बाजूला तेरा व विरुद्ध अडतीस निघालीं. विरोध करणारे सगळेच साहेब नव्हते. आपल्या शेतावरचीं व घरचीं पोरें शाळेंत गेलीं तर कामाला माणूस कोठून आणावयाचा, ही चिंता आमच्याच कांहीं जमीनदार मंडळींस होती.

पैसा खरोखरच नव्हता काय? बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग करून १९०६ सालीं तो साऱ्या संस्थानाला लागू केला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळांत बसविलीं. धारवाडच्या मुलाचा निकाल अशा रीतीनें साठ वर्षांनंतर शेजारच्या संस्थानांत लागला. तिजोऱ्या या संस्थानांच्याही कांहीं अथांग नव्हत्या. खर्चाच्या यादींत शाळेचें नांव कितव्या ओळींत लिहावयाचें, एवढाच काय तो फरक होता.

मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें म्युनिसिपालिट्यांपुरता सक्तीचा कायदा झाला, १९२३ च्या कायद्यानें शाळा लोकल बोर्डांच्या हवालीं झाल्या, आणि १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा होईपर्यंत गाडें रखडत चाललें. या काळांतील कायद्यांपेक्षां एक वाद आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पिंपरीच्या शाळांची दिनचर्या त्या वादांतून निघाली आहे.

रा. वि. परुळेकर हे मुंबईकडील नामांकित शिक्षणतज्ज्ञ. पुढें १९४८ सालीं जे. पी. नाईक यांच्या बरोबर त्यांनीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था स्थापिली. परुळेकरांचें म्हणणें थोडक्यांत असें. चांगली इमारत, पुरे शिक्षक, पूर्ण वेळ शाळा, या साऱ्या गोष्टी जमेपर्यंत थांबलों तर आणखी दोन पिढ्या निरक्षर मरतील. लहान मुलांना पांच तास डांबून ठेवण्याची गरज नाहीं. तीन तासांत तीं तितकेंच शिकतात. म्हणून त्याच खोलींत, त्याच शिक्षकानें, खालच्या इयत्तांच्या दोन तुकड्या आळीपाळीनें शिकवाव्या. खोली तीच, खर्च जवळ जवळ तोच, आणि मुलें दुप्पट! याच्या उलट १९३७ च्या वर्धा योजनेंतील मंडळी. त्यांना सात वर्षांचें, हस्तोद्योगावर उभारलेलें, पुऱ्या वेळाचें शिक्षण हवें होतें; अर्धवट शाळा त्यांना शाळा वाटत नव्हती.

आमचा कौल परुळेकरांच्या बाजूला पडतो. दाराबाहेर उभें असलेलें पोर वर्ध्याच्या योजनेंतलेंही कांहीं शिकत नाहीं आणि परुळेकरांच्या योजनेंतलेंही नाहीं. तें प्रथम आंत आलें पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं त्याच सुमारास सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांतून ज्या शेंकडों व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांचाही हाच बाणा होता. मास्तर आधीं, मुलें लगेच, छप्पर मिळेल तेव्हां. तोंवर देऊळ आहे, चावडी आहे, नाहीं तर झाड आहे. मात्र परुळेकरांच्या योजनेंत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती योजना टंचाईच्या काळापुरती होती. टंचाई कायमची झाली म्हणजे काय होतें, तें पाहण्यासाठीं आतां पिंपरीस परत यावें.

पवनेच्या कांठचें हें खेडें १८५८ सालीं पुणें-खंडाळा लोहमार्ग निघाल्यापासून आगगाडीच्या वाटेवर होतें, एवढेंच त्याचें वैशिष्ट्य. शेजारीं मोरया गोसावींचें चिंचवड प्रसिद्ध. पिंपरीकडे कोणी मुद्दाम जात नसे. फाळणीनंतर येथें सिंधी निर्वासितांची छावणी पडली आणि गांवाची लोकसंख्या पाहतां पाहतां निराळी झाली. छावणीला अजून पिंपरी कॅम्प म्हणतात. घरदार गमावून आलेल्या या लोकांनीं डोक्यावर छप्पर येतांच ज्या खटपटी केल्या त्यांत शाळेची एक होती. त्यांचीं मुलें ज्या लिपींत शिकत होतीं ती गांवच्या मास्तराला वाचतां येत नव्हती, तेव्हां त्यांना जागा देणें म्हणजे नुसतें बांक सरकवून देणें नव्हतें.

मग १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला. पेनिसिलिन तयार करणाऱ्या या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें साहाय्य होतें. युनिसेफ ही राष्ट्रसंघाची मुलांसाठीं काढलेली संस्था, तेव्हां पिंपरीच्या उद्योगपर्वाचा आरंभ मुलांच्या नांवें आलेल्या पैशानें झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. कारखान्याची वसाहत नीट आंखलेली होती; तींत झाडें होतीं, खेळायला मैदान होतें आणि कारखान्याच्या नांवाची शाळाही होती. पुढें आकुर्डीस बजाजचा कारखाना झाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, टेल्को आली, आणि या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारीं लहानमोठीं शेंकडों वर्कशॉपें भोंवतीं उगवलीं. त्यांतील बहुतेकांना वसाहत नव्हती. तेथला कामगार गांवठाणांतल्या चाळींत भाड्यानें राही किंवा नाल्याकांठीं झोंपडें बांधी. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा, कोंकण, सगळीकडून माणसें आलीं; १९७२ च्या दुष्काळानें आणखी लोंढे आणले. प्रथम पुरुष एकटा येई, दोन वर्षांनीं बायको व पोरें येत. कारखान्यानें हात मागितले होते; हातांबरोबर घर येतें, आणि घराबरोबर शाळेचा पट वाढतो, हा हिशेब कोणत्याही कारखान्याच्या नकाशांत मांडलेला आढळत नाहीं.

१९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली व लोकल बोर्डाकडून जिल्हा परिषदेकडे गेलेल्या खेड्यांच्या शाळा तिच्या पदरांत पडल्या. कित्येक जुन्या शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी वर्धा योजनेच्या काळांतली पाटी असे. आंत दोन खोल्या व एक पडवी. १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शिरगणतीचे आंकडे पाहावे. १९७१ सालीं या हद्दींतील वस्ती ऐंशी हजारांच्या घरांत होती. १९८१ सालीं ती अडीच लाखांच्या आसपास गेली, १९९१ सालीं पांच लाखांवर, २००१ सालीं दहा लाखांवर, आणि २०११ सालीं सतरा लाखांच्या पलीकडे. १९९७ सालीं मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत वगैरे गांवें हद्दींत घेतलीं त्यांचा वांटा यांत आहे. तरी देखील वाढ ती वाढच.

येथें आम्ही एक ढोबळ त्रैराशिक करून पाहतों. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत पांच लाख माणसें वाढलीं. दहांत एक मूल पहिली ते पांचवीच्या वयाचें धरलें, तर पन्नास हजार मुलें झालीं. खोलींत चाळीस मुलें बसविलीं, तर साडेबाराशें खोल्या हव्या. म्हणजे वर्षाला सवाशें, आठवड्याला दोनांहून अधिक. सर्वच मुलें कांहीं पालिकेच्या शाळेंत जात नाहींत हें खरें; निम्मीं खासगी शाळांत गेलीं असें धरलें, तरी दर आठवड्याला एक नवी खोली, तीही दहा वर्षें खंड न पडतां!

खोली बांधण्याची रीत मात्र उलटी आहे. आधीं पट वाढावा लागतो. वाढलेल्या पटावरून शिक्षकांची संख्या मंजूर होते. मंजूर झालेला शिक्षक कांहीं काळानें येतो. शिक्षकाला बसायला खोली नाहीं, हें मग लक्षांत येतें. खोलीसाठीं अंदाजपत्रकांत रक्कम धरली जाते, आणि रक्कम आली म्हणजे कळतें कीं बांधायला जमीन नाहीं. शाळा वाढतांना प्रथम दाटीवाटीनें, मग पडवींत, मग माळ्यावर वाढते, आणि सर्वांत शेवटीं जमिनीवर. जेथें जमीन आधीं राखली तेथें ही ओढाताण झाली नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें निगडी, आकुर्डीकडे शेतजमिनी घेऊन पेठा आंखल्या, त्यांत शाळांसाठीं भूखंड होते. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतांना त्यांना काय मोबदला मिळाला, हा निराळा व कडू विषय आहे. पण पेठेंतल्या शाळेला आज मैदान आहे तें त्या आंखणीमुळें. इतरत्र रान गुंठ्यागुंठ्यानें विकलें गेलें. गुंठेवारीच्या त्या व्यवहारांत घरापुरता गुंठा ज्यानें त्यानें घेतला. शाळेसाठीं गुंठा कोणी राखला नाहीं.

अशा स्थितींत परुळेकरांची युक्ति कामास आली. एकाच इमारतींत सकाळीं एक शाळा व दुपारीं दुसरी. पुष्कळ ठिकाणीं मुलींची शाळा निराळी, मुलांची निराळी, दोन्हींचे मुख्याध्यापक निराळे, आणि फळा मात्र एकच. पिंपरीच्या लोकांना हें पचविणें जड गेलें नाहीं. बाप पहिल्या पाळीला, चुलता दुसऱ्या पाळीला, शेजारी रात्रपाळीला, अशा गांवांत पोराचीही एक पाळी असावी यांत नवल तें काय? यंत्र बंद राहूं नये म्हणून कारखान्यांत पाळ्या, खोली रिकामी राहूं नये म्हणून शाळेंत पाळ्या. तुलना जुळते, आणि आमच्या मतें तेथेंच दोष आहे. यंत्राला पाळी संपल्यावर रेंगाळावेंसें वाटत नाहीं. मुलाला वाटतें. शाळा सुटल्यावर तास अर्धा तास मैदानांत घालविणें, मास्तरांना एकटें गांठून राहिलेलें गणित विचारणें, ग्रंथालयाच्या कपाटाशीं उभें राहणें, या गोष्टी वेळापत्रकांत नसतात. दोन पाळ्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत त्या बसत नाहींत. परुळेकरांनीं वांचविलेले दोन तास पुस्तकी शिक्षणाच्या हिशेबानें बरोबरच होते. पण ज्या पोराच्या घरीं एकच खोली, तींत रात्रपाळीहून आलेला बाप झोंपलेला, त्याला ते दोन तास काढावयास शाळेवांचून दुसरें ठिकाण नव्हतें.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेंत जागा, आणि पांचवीपर्यंत तीस मुलांमागें एक शिक्षक व शिक्षकागणिक एक खोली, असें त्यानें लिहून ठेवलें. जोतीरावांच्या अर्जावर सव्वाशें वर्षांनीं पडलेला हा शेरा आहे, असें आम्ही समजतों. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बळ घरांतील मुलांसाठीं सोडतीनें द्याव्या, असेंही त्यांत आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारनें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानें जुलैंत तो बदल रद्द केला. या थोड्या महिन्यांत जें बोललें गेलें त्यांत १८५६ च्या धारवाडचा सूर आमच्या कानीं पडल्यावांचून राहिला नाहीं. जागा आहे, पण ती त्यांच्यासाठीं नव्हे. त्यांची शाळा जवळच आहे कीं!

आणि त्या जवळच्या शाळेंत कोण येतें? हद्दीवरच्या गांवांत आतां वीस वीस मजल्यांचे मनोरे उठले आहेत. मनोऱ्यांतलीं मुलें पिवळ्या गाड्यांतून खासगी शाळांस जातात. पालिकेच्या शाळेंत तो मनोरा बांधणाऱ्यांचीं, त्याच्या दाराशीं पहारा करणाऱ्यांचीं व त्यांतल्या घरांत धुणेंभांडीं करणाऱ्यांचीं मुलें बसतात. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा शंभराहून अधिक आहेत, आणि त्या मराठीबरोबर उर्दू, हिंदी व इंग्रजीही शिकवितात. बांधकाम संपलें कीं आईबाप पुढच्या बांधकामावर जातात. पटावर नांव राहतें, मूल नाहींसें होतें. दुसऱ्या कोणत्या तरी शाळेच्या दाराशीं तें पुन्हां नवें म्हणून उभें राहतें.

गेल्या पावसाळ्यांत अशाच एका शाळेच्या फाटकाशीं आम्ही दुपारीं बाराच्या सुमारास थांबलों होतों. घंटा झाली. सकाळचीं मुलें बाहेर पडूं लागलीं व दुपारचीं आंत शिरूं लागलीं. फाटक अरुंद, वरून पावसाची भुरभुर, त्यामुळें दोन्ही रांगा एकमेकींत घुसल्या. त्या दाटींत बाहेर येणारी दहाअकरा वर्षांची एक मुलगी आंत जाणाऱ्या एका लहान मुलाला हांका मारीत होती. तो तिचा भाऊ असावा. त्यानें गळ्यांतली दोरी काढून तिच्या हातीं दिली. दोरीला घराची किल्ली होती. तिनें ती आपल्या गळ्यांत घातली, त्याच्या दप्तराचा सुटलेला बंद आंवळला, आणि ती पावसांतून वस्तीकडे चालूं लागली.